साचलेला धंदा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी त्यांना स्पष्टच सांगितले, की माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे शिक्षण हमालांच्या अड्ड्यावर, जिनांच्या फाटकापुढे आणि गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत झाले. तीस वर्षे मी कामगारांची संघटना बांधण्याचे काम करीत आलो आहे. अशा माणसाने दुकानदार आणि कारखानदार मंडळींपुढे उभे राहून धंद्याच्या इतिहासावर बोलावे, हे आपल्यापैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. परंतु धंदा बसला म्हणजे काय होते, हे मालकाइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, मी जवळून पाहिले आहे. मालकाचे भांडवल बुडते. कामगाराची चूल विझते. तेव्हा हा विषय माझा नाही असे मला म्हणता येत नाही.

सुरुवात आपल्या डोणगावापासूनच करतो. मेहकराहून मालेगावकडे जाणाऱ्या आपल्या रस्त्यावर चहाची हॉटेले, ढाबे, टायरची दुकाने कितीतरी वर्षे येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांवर चालत आली. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये तो रस्ता थेट मुंबईच्या वेशीपर्यंत पुरा झाला. लांब पल्ल्याच्या पुष्कळ गाड्या तिकडे वळल्या. गेल्या वर्षी या जुन्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात मी चहा घेत बसलो होतो. मालक माझ्या ओळखीचे. मी विचारले, "काय म्हणतो धंदा?" ते म्हणाले, "तोटा नाही म्हणा भाऊ, पण तीन वर्स झाले, गल्ला जागचा हालून नाही राह्यला."

हे उत्तर माझ्या मनात घर करून राहिले. बुडालेला धंदा ओळखायला शहाणपण लागत नाही. दाराला कुलूप लागले की तो कोणालाही दिसतो. परंतु जो धंदा बुडत नाही, वाढत नाही, रोज उघडतो, रोज बंद होतो आणि आतल्या आत कमी होत जातो, तो ओळखणे कठीण. येथून जवळच लोणारचे सरोवर आहे. चहूकडचे पाणी त्यात उतरते, पण त्यातून बाहेर जायला पाण्याला वाट नाही. पाणी उन्हाने उडून जाते, क्षार तेवढे मागे राहतात, आणि वर्षानुवर्षांच्या या क्रमाने ते पाणी असे खारे झाले आहे की त्याचा पिकालाही उपयोग नाही. काठावर उभे राहून पाहिले तर सरोवर भरलेलेच दिसते. साचलेला धंदा असा असतो.

असा धंदा वेळीच ओळखून पुन्हा वाहता कसा करावा, याचा महाराष्ट्रातला एक इतिहास आज आपल्यापुढे मांडतो. तो आपल्या शेतीशी जोडलेला आहे, म्हणून आपल्याला परका वाटणार नाही. हा इतिहास लोखंडी नांगराचा आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी जन्मले. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे त्यांना कळून चुकले की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगकाम सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक शाळेत तेच शिकवू लागले. इकडे बेळगावात १८८८ साली त्यांनी व त्यांचे थोरले बंधू रामुअण्णा यांनी सायकलींचे दुकान काढले. त्या काळी सायकल हे श्रीमंतांचे वाहन होते. सातशे ते हजार रुपयांना एक सायकल विकली जाई आणि ती चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे मिळत, असे सांगतात. पुढे नोकरीत बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलण्यात आले, तेव्हा ते नोकरी सोडून बेळगावी आले आणि पूर्णवेळ धंद्यात पडले.

आता कोणीही म्हणेल, की हे दुकान बरे चालले होते, मग त्यात राहण्यास काय हरकत होती? सायकल विलायतेत तयार होत होती. दुकानदाराच्या हाती राहत होती ती केवळ मधली अडत. शेजारी दुसरे दुकान निघाले की भाव पडणार आणि ते थांबवणे आपल्या हाती नाही, असा तो धंदा. ज्या मालात आपल्या हाताचे काही काम नाही, त्या मालाच्या धंद्यात आपला पाय आपल्या जमिनीवर नसतो. या बंधूंनी दुकानाच्या जोडीला एक लहानसा कारखाना काढला आणि गुरांचा कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. नंतर १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर काढला.

नांगर तयार झाला, पण विकेना. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. आपण विचार करा, दोन वर्षे माल पडून राहिला तर तुमच्याआमच्यापैकी किती जण तो धंदा चालू ठेवतील? पण येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. माल न खपणे ही एक गोष्ट आणि मालाची गरज नसणे ही दुसरी. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत लोक वर्षानुवर्षे वखरावरच भागवीत आले. खोल गेलेली हरळी आणि कुंदा वखराने निघत नाही, हे शेतकऱ्याला पक्के माहीत होते. अवजड लाकडी नांगर चालवायचा तर बैलांच्या कित्येक जोड्या जुंपाव्या लागत. म्हणजे गरज होती, भरवसा नव्हता. भरवसा बोलून येत नाही, मालाने येतो. ओतीव फाळ मऊ राहिला तर महिन्या-दोन महिन्यांत झिजतो. फार कडक झाला तर दगडाला लागून तुटतो. विलायती नांगराच्या तोडीचा फाळ भट्टीतून काढण्यासाठी त्या लहान कारखान्याला प्रयोगामागून प्रयोग करावे लागले. हळूहळू नांगर खपू लागला.

तो खपू लागतो न लागतो तोच, नव्या वस्तीसाठी जागा हवी म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने कारखाना हलवायला सांगितले. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जमीन दिली आणि कर्जाऊ पैसे दिले. कुंडल रोड स्टेशनाजवळचा तो माळ निवडुंगाने भरलेला, सापांनी गजबजलेला होता. १९१० च्या मार्च महिन्यात बंधू तेथे उतरले. कामगार आणि मालक यांनी मिळून माळ साफ केला, घरे उभी केली, आणि किर्लोस्करवाडी वसली.

यानंतर १९१४ चे महायुद्ध आले. विलायतेहून येणारे लोखंड, कोक, रंग, सारेच दुर्मिळ झाले. कारखाना थांबायला हे कारण पुरेसे होते, आणि कोणी दोषही दिला नसता. पण रंग मिळेना तेव्हा कारखान्यातच रंग करण्याचे प्रयत्न झाले. लोखंड मिळेना तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून त्यांचे नांगर झाले. ज्या तोफांनी एके काळी मुलूख राखला, त्या भट्टीत जाऊन त्यांनी पुढे शेते नांगरली.

१९२० साली धंद्याची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे छोटे मासिक सुरू केले. पुढे त्याचे 'किर्लोस्कर' झाले आणि साऱ्या महाराष्ट्राने ते वाचले, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. परंतु त्याचे मूळ कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यात होते. खेड्यातला शेतकरी आणि माळावरचा कारखाना यांच्यामध्ये बोलण्याचा एक दुवा असावा, ही ती कल्पना.

आता आपण खऱ्या मुद्द्याशी येतो. नांगराचे नाव झाले, माल सर्वत्र जाऊ लागला, आणि नेमक्या अशा वेळी धंदा साचण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. नांगर चालतो असे दिसताच दुसऱ्यांनीही नांगर काढले. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. पुढे १९२९ साली अमेरिकेत सुरू झालेली मंदी साऱ्या जगात पसरली. कापूस, ज्वारी, गूळ, सर्वांचे भाव कोसळले. ज्या शेतकऱ्याला सारा भरायला पैसा नाही, तो नवा नांगर कोठून घेणार? शिवाय लोखंडी नांगर लवकर मोडत नाही. ज्याने एकदा घेतला तो पुष्कळ वर्षे पुन्हा येत नाही. म्हणजे माल चांगला असणे हेही खप थांबण्याचे एक कारण होते. चांगल्या मालाच्या धंद्यातील ही गोम फार थोड्यांच्या ध्यानी येते.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव हे १९२६ साली अमेरिकेत यंत्रशास्त्राची पदवी घेऊन परत आले होते. त्या काळात या कारखान्याने काय केले ते पाहा. लोखंडी कपाटे, खुर्च्या, टेबले काढली. उसाचे चरक आणि पाण्याचे पंप काढले. पुढे लेथ काढले, म्हणजे ज्या यंत्रावर दुसरी यंत्रे घडतात ते यंत्र. दुसऱ्या महायुद्धात परदेशची यंत्रे येईनाशी झाली, तेव्हा हे ज्ञान हाताशी होते. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथचा कारखाना निघाला. १९४६ साली पुण्यात तेलाच्या इंजिनांचा आणि बंगलोरला विजेच्या मोटारींचा. लक्ष्मणराव १९५६ साली वारले, तोपर्यंत सायकलीच्या दुकानाचे हे एवढे झाले होते.

या सर्व बदलांत एक सूत्र आहे, आणि ते न पाहता कोणी नुसती नक्कल केली तर तो फसेल. त्यांनी भलत्याच धंद्यात उडी घेतली नाही. नांगर ओतणाऱ्या हातांनाच पंपाचे ओतकाम जमते. ज्या शेतकऱ्याला नांगर विकला, त्यालाच विहिरीवर मोटेऐवजी पंप हवा असतो. म्हणजे एक तर कामाचे हात जुने होते, नाही तर गिऱ्हाईक जुने होते. दोन्ही एकदम बदलले नाहीत. कपाटाचे गिऱ्हाईक नवे, पण लोखंड वळवणारे हात जुने. पंप नवा, पण शेतकरी ओळखीचा. लहान धंद्याला बदल करायचा तर एक पाय ओळखीच्या जमिनीवर राहिला पाहिजे.

आता मी कामगारांचा माणूस आहे, तेव्हा एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणार नाही. अशा इतिहासात मालकांची नावे येतात. साचे भरणाऱ्याचे, भट्टीपुढे भाजून निघणाऱ्याचे, फाळ कडक झाला की मऊ राहिला हे आवाजावरून ओळखणाऱ्याचे नाव येत नाही. परंतु प्रयोग म्हणून जे काही झाले असेल, ते अशाच हातांनी झाले. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. धंदा कोठे साचला आहे हे पाहायचे तर कोणाकडे पाहावे, त्याचा हा पत्ता आहे.

त्याच औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ, १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील आपल्यातील वृद्ध मंडळींनी घराघरांत पाहिला असेल. माल उत्तम, नाव मोठे, स्वदेशीचा मान. पुढे खेड्यापाड्यांत वीज आली आणि कंदील खुंटीवरून माळ्यावर गेला. आज तो कारखाना चालू नाही. एखादा मोठा कारखाना बंद पडतो त्याला कारणे पुष्कळ असतात, आणि दुरून निवाडा देणे मला शोभणार नाही. पण एवढे म्हणता येईल, की मालाचा उत्तमपणा त्या मालाची गरज सरल्यावर धंद्याला राखत नाही.

हे झाले परमुलखाचे. आता मी माझीच एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, परंतु दुसऱ्याच्या चुका सांगून स्वतःची झाकून ठेवणे बरे नव्हे.

आपले वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मागोमाग आगगाडी आली, आणि खामगाव, मलकापूर अशा ठिकाणी जिन-प्रेस उभे राहिले. पुढे १९७२ साली महाराष्ट्र सरकारने एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली. शेतकऱ्याचा कापूस सरकारमार्फत घेतला जाई आणि तो रेचण्याचे काम ठरलेल्या दराने जिनांना मिळे. शेतकऱ्याला तिचा काय लाभ झाला, काय तोटा झाला, तो वेगळा विषय आहे. मी जिनाच्या फाटकापुढून पाहत होतो. दर हंगामाला काम घरी चालून येई. ते मिळवण्यासाठी कोणाकडे जावे लागत नसे. जिथे काम न मागता येते, तिथे यंत्राला तेल घालण्यापलीकडे कोणाला काही सुचत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्याच एका जिनात आमची संघटना होती. गावाचे नाव सांगत नाही. साठ-पासष्ट कामगार, त्यांत निम्म्याहून अधिक बाया. २००० सालच्या आगेमागेची ही गोष्ट. तिथला मिस्त्री फार हुशार होता. एके दिवशी तो मला फाटकाबाहेर घेऊन गेला आणि मूठभर सरकी माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "पाहा भाऊ, सरकीले रुई राहून जाते. हे रोलर म्हातारे झाले. पलीकडच्या तालुक्यात डबल रोलर लागले, त्यांची सरकी पाहा कशी निघते. ही योजना उद्या उठली तर आपल्याकडे कोण येईल?" मालकाला त्याने हेच सांगितले होते. मालकाचे म्हणणे पडले, की आजवर असेच चालले आहे. मग तो माझ्याकडे आला होता. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मिस्त्री, आधी पगारवाढीचे बघू. रोलरचे मालक बघून घेईल."

आम्ही संप केला. पगारवाढ मिळाली. फाटकावर गुलाल उधळला. त्याच सुमारास, २००० साली, केंद्र सरकारने कापसाचे तंत्रज्ञान मिशन काढले. त्यात जिनांची यंत्रे सुधारण्यासाठी साहाय्य होते. मालकाने ते मागितले नाही. मागा, असे आम्हीही म्हटले नाही. पुढच्या काही वर्षांत सरकारची मक्तेदारी सैल झाली, खाजगी व्यापारी बाजारात उतरला, आणि व्यापारी आपली गाडी तिथेच नेतो जिथे रुई स्वच्छ आणि जास्त निघते. इकडे आपल्या भागातला शेतकरी कापूस सोडून सोयाबीनकडे वळत चालला होता. पगारवाढीनंतरच्या तिसऱ्या हंगामात त्या जिनाला कुलूप लागले. बाया निंदणाच्या मजुरीला गेल्या. मिस्त्री पुण्याकडे गेला आणि एका इमारतीवर पहारेकऱ्याचे काम करू लागला. ज्याला यंत्राचा रोग कानाने कळत होता, तो रात्रभर दाराशी बसून राहू लागला.

पगारवाढ मागितली ही चूक झाली असे मी आजही म्हणत नाही. त्या बायांना जे मिळत होते त्यात दोन वेळची भाकरी होत नव्हती. चूक ही झाली, की धंदा ही मालकाची बाब आणि मजुरी ही आमची बाब, अशी वाटणी मी मनाशी करून टाकली होती. मालक साचला होता हे खरे. पण संघटनाही साचली होती. तीच मागणी, तोच मोर्चा, तीच घोषणा. आमच्यातल्याच सर्वांत शहाण्या माणसाने मूठभर सरकी आमच्या हातावर ठेवली, आणि ती आम्हाला वाचता आली नाही.

यावर कोणी विचारील, की कामगारांनी धंद्यात लक्ष घातले असे कोठे झाले आहे काय? झाले आहे. १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला. केरळात तो लागू होऊ लागला तेव्हा कण्णूर भागात मालकांनी काम बंद केले आणि हजारो विडी कामगार एकाएकी घरी बसले. त्यांच्या संघटनांनी सरकारच्या साहाय्याने १९६९ साली स्वतःची सहकारी संस्था उभी केली, तिचे नाव दिनेश विडी. मालक गेला, काम राहिले. एके काळी तेथे चाळीस हजारांहून अधिक कामगार होते. पुढे लोक विडी सोडू लागले. खप उतरला. तेव्हा त्याच संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरीस खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे अशी नवी कामे सुरू केली. सगळे कामगार त्यात सामावले गेले नाहीत, संस्था पुष्कळ लहान झाली, हेही सांगितले पाहिजे. तरी तिने दार लावून घेतले नाही.

आता या इतिहासातून आपल्या गावातल्या लहान धंद्यांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट मोजमापाची. गल्ला रुपयांत मोजू नका, नगांत मोजा. चहा सात रुपयांचा दहा झाला आणि गल्ला तेवढाच राहिला, तर धंदा थांबलेला नसून घसरला आहे. वाढलेला भाव ती घसरण झाकतो. किती कप गेले, किती पोती उतरली, किती शर्ट शिवले, हे वहीत लिहा आणि तीन वर्षांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवा. दुसरी गोष्ट चेहऱ्यांची. महिनाभरात एकही नवे गिऱ्हाईक आले नाही, तर जुने एक एक करून गळत आहे असे समजा. तिसरी गोष्ट तक्रारीची. तक्रार येणे बंद झाले म्हणजे सर्व ठीक आहे, असे मानू नका. ज्याला तुमच्याकडून काही अपेक्षा आहे तो भांडतो. ज्याने आशा सोडली तो निमूटपणे दुसऱ्या दुकानात जातो. आणि चौथी गोष्ट, "आजवर असेच चालले आहे" हे वाक्य तुमच्या तोंडी दिवसातून दोनदा येऊ लागले, तर त्या दिवशी थोडे थांबा.

ओळख पटल्यावर करायचे काय? पुष्कळ जण पहिला हात मजुरीला घालतात. एक पोरगा कमी केला, मजुरी थोडी कापली, माल हलका घेतला. याने एक-दोन महिने वही बरी दिसते. पण ज्या हातांनी धंदा पुन्हा उभा राहायचा तेच हात त्यामुळे आधी जातात, आणि जे राहतात ते तोंड मिटून घेतात. त्यापेक्षा त्यांना आधी विचारा. तराजू धरणारा, कप उचलणारा, पोते वाहणारा यांना जे दिसते ते गादीवर बसणाऱ्याला दिसत नाही. त्यांनी सांगितलेले सारेच बरोबर असेल असे नाही. मग एकच बदल निवडा, लहान ठेवा, एक हंगाम चालवून पाहा, पुन्हा मोजा. हात तरी जुने ठेवा, नाही तर गिऱ्हाईक तरी. किर्लोस्करवाडीच्या माळावरून घेण्यासारखा धडा हाच आहे.

त्या हॉटेलवाल्यांची गोष्ट अर्धी राहिली. मी त्यांना विचारले, की दूध रोज किती लागते? ते म्हणाले, बारा लिटर. रस्ता भरून वाहत होता तेव्हा किती लागे? थोडा वेळ थांबून म्हणाले, अठरा. गल्ला तोच, पण सहा लिटर दूध कमी. ते एकदम गप्प झाले. मग त्यांनी कप उचलणाऱ्या पोराला हाक मारून विचारले, "काय रे, कोण येत नाही आता?" पोराने उत्तर दिले ते असे: "मालक, ट्रकवाले येत नाहीत ते येतच नाहीत. पण बाजाराच्या दिवशी बाया लेकरं घेऊन समोर झाडाखाली उभ्या राहतात. आत सगळे गडी बसलेले, त्या कशा येतील?"

मालकांनी एका बाजूला आडोसा करून चार बाकडी टाकली, पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवला, आणि सकाळी एस.टी.ची वाट पाहणाऱ्या शाळेच्या पोरांसाठी लवकर पोहे सुरू केले. परवा मी गेलो तेव्हा दूध पंधरा लिटरवर आले होते. अठरा झाले नाही. कदाचित होणारही नाही, कारण गेलेला रस्ता परत येत नाही. पण पोरगा कामावर आहे, आणि मालक आता रोज रात्री गल्ल्याआधी दूध मोजतात.

मला त्या मिस्त्रीची मूठभर सरकी आठवली. तेव्हा मी ऐकले असते तर ते जिन वाचले असते, असे छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही. पण त्या साठ-पासष्ट घरांच्या वतीने विचारायचा एक प्रश्न मी विचारला नाही, हे मात्र खरे. आपण घरी गेल्यावर, उद्या सकाळी दुकान उघडताना, आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाला तो प्रश्न विचारावा, एवढीच माझी विनंती आहे. त्याचे उत्तर ऐकायला कडू लागले तरी शेवटपर्यंत ऐकावे.